किती डिग्रीला काम थांबवायचं? कायद्यात आकडा नसताना साइटवर काय करता येतं

नागपूरकडच्या बुटीबोरीजवळ गोदामाचं बांधकाम चालू असलेल्या साइटवरच्या एका तरुण सुपरवायझरने विचारलंय: "साइटवर 60 माणसं, सगळी ठेकेदाराची. निम्मी बालाघाट आणि छत्तीसगडकडची. गेल्या आठवड्यात सळई बांधणारे दोघे दुपारी चक्कर येऊन पडले, एकाला सलाईन लावावं लागलं. मी म्हटलं, 12 ते 4 काम बंद ठेवू. ठेकेदार म्हणतो, किती डिग्रीला काम बंद करायचं ते कायद्यात दाखव, लगेच बंद करतो. वरून म्हणतो, दुबईत लोक पन्नासमध्ये काम करतात. असा कायदा आहे का? नसेल तर मी काय करू?"

आधी सरळ उत्तर देतो. बांधकामावर पारा अमुक झाला की काम बंद, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. तेवढ्यापुरता तुमचा ठेकेदार बरोबर आहे. पण आकडा नाही म्हणजे जबाबदारीही नाही, हे त्याने स्वतःच्या मनाने जोडलं. आणि तुम्हीही त्याच्या प्रश्नात अडकलात. मी 27 वर्षं सुरक्षा अधिकारी आहे, आधी चंद्रपूरकडे भट्टीच्या कारखान्यात, नंतर नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या बांधकामांवर. या वर्षांत ऊन लागून पडलेली जी माणसं पाहिली, त्यातला एकही आकडा ठाऊक नसल्यामुळे पडला नव्हता. कुणी साइटवर नवा होता, कुणी हजेरी कापली जाईल म्हणून थांबला नाही, कुणाला थांब म्हणायचा अधिकार जवळच्या माणसाला नव्हता. तुमचा खरा प्रश्न हा आहे. तरी कायद्याचं आधी उरकू, कारण उद्या ठेकेदारासमोर तुम्हाला ते लागेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने कायदा 1948 आणि बांधकाम कामगार कायदा 1996 यांची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 ने घेतली. नव्या नियमांची घडी बसेपर्यंत जुन्या कायद्यांखालचे नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात. तुमच्या कामाचं या संहितेत तीन ठिकाणी आहे. कलम 6: कामाची जागा इजा किंवा आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. कलम 23: हवा खेळती असणं, तापमान, आर्द्रता, पिण्याचं पाणी या गोष्टी मालकाने पुरवायच्या कार्यस्थितीत येतात. आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं कलम 53: कंत्राटी कामगारांना या सोयी देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे गोदाम बांधून घेणाऱ्या कंपनीवर आहे. कंत्राटी कामगारांचं हे प्रकरण 50 किंवा जास्त माणसं असली की लागू होतं. तुमच्याकडे 60 आहेत. म्हणजे ठेकेदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याच्या वरच्या माणसाकडे कागद पाठवणं जास्त उपयोगाचं. तो कागद कसा लिहायचा ते पुढे सांगतो.

कलम 14 ही लक्षात ठेवा. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असं कामगाराला रास्तपणे वाटलं, तर तो ते मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालू शकतो, आणि मालकाने ताबडतोब उपाय करायचा असतो. बालाघाटहून आलेला रोजंदारीचा माणूस हे कलम वापरणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण तुम्ही वापरू शकता.

आता आकड्याचं. कायद्यात आकडे अजिबात नाहीत असंही नाही. कारखान्यांसाठीच्या केंद्राच्या नमुना नियमांत, आणि त्यावर बेतलेल्या अनेक राज्यांच्या नियमांत, कामाच्या खोलीत जमिनीपासून दीड मीटरवर वेट बल्ब तापमान 30 अंशांच्या वर जाऊ नये आणि हवा मिनिटाला किमान 30 मीटर वाहावी असं आहे. साधं तापमान जितकं जास्त, तितकी वेट बल्बची मर्यादा कमी. भूमिगत कोळसा खाणीत ही मर्यादा 33.5 अंश, आणि 30.5 च्या वर गेलं तर हवेचा वेग सेकंदाला किमान एक मीटर. आमच्या चंद्रपूरच्या खाणवाल्यांना हे आकडे पाठ असतात. वेट बल्ब म्हणजे तापमापकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून घेतलेलं तापमान. घाम वाळून अंग किती थंड होऊ शकेल, याचा तो अंदाज.

पण विदर्भात हाच आकडा फसवतो. मे महिन्यात दुपारी 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली, तर वेट बल्ब येतं 23-24. मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असली, तर ते 29 च्या आसपास जातं. म्हणजे नमुना नियमांची पट्टी लावली तर आपली 45 ची दुपार बिनधोक ठरते! याचं कारण असं, की ती पट्टी मुळात आतल्या दमट हवेसाठी आहे, गिरणीतल्या हवेसाठी. उघड्या स्लॅबवर माणसाला हवेइतकंच वरून ऊन भाजतं आणि खालून तापलेली सळई. त्यासाठी जगभर डब्ल्यूबीजीटी नावाचं माप वापरतात. वेट बल्बचे 70 टक्के, काळ्या गोळ्यात बसवलेल्या तापमापकाचे 20 टक्के आणि साध्या तापमानाचे 10 टक्के. समजा, स्लॅबवर उन्हात वेट बल्ब 26, काळा गोळा 58 आणि हवा 45. हिशेब येतो 34.3. हा आकडा लक्षात ठेवा, दुबईच्या मुद्द्यापाशी लागेल.

कोकणातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी उलट सांगतो: तुमच्याकडे 38 ला सुद्धा माणसं दगावतात. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली 14 माणसं गेली, आणि त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता. ती माणसं काही काम करत नव्हती, नुसती बसली होती. आमच्याकडे घाम येतो तसा वाळतो, म्हणून माणसाला वाटतं घाम आलाच नाही, आणि तो पाणी पीत नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात तेव्हा कळतं किती गेलं. तुमच्याकडे घाम वाळतच नाही. एकाच नियमाने दोन्हीकडचं भागत नाही, आणि केंद्राने एकच डिग्री ठरवून का दिली नाही याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं मला विचाराल तर इच्छा नाही, एवढंच.

आता दुबई. हे मला दर उन्हाळ्यात कुणीतरी ऐकवतं. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेणं बेकायदेशीर आहे, आणि मोडलं तर माणशी दंड आहे. कतारने 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद केलं, आणि डब्ल्यूबीजीटी 32.1 च्या वर गेलं तर वेळ कुठलीही असो, काम बंद. वर काढलेला आपला आकडा 34.3 होता. म्हणजे ज्या देशाचा दाखला ठेकेदार देतो, त्याच्या शेजाऱ्याचा नियम तुमच्या साइटवर लावला तर दुपारी स्लॅबवर कुणीच दिसणार नाही. गल्फमध्ये राबून आलेला एखादा वेल्डर तुमच्याकडे असेलच. ठेकेदारासमोर त्यालाच विचारा. आपल्या देशात केरळचे कामगार आयुक्त उन्हाळ्यात उन्हातलं काम 12 ते 3 बंद ठेवण्याचा आदेश काढतात. आपल्याकडे अहमदाबादेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे नागपूरचाही झाला. पण त्यातली कामाच्या वेळा बदलण्याची गोष्ट मालकांना केलेली सूचना आहे, सक्ती नव्हे.

ठेकेदाराला पटेल असा एक कागद मात्र मी नेहमी खिशात ठेवतो, आणि गंमत म्हणजे तो माणसांबद्दल नाहीच. भारतीय मानक 7861 चा पहिला भाग उष्ण हवामानातल्या काँक्रीटबद्दल आहे. हवा 40 अंशांच्या वर असताना काँक्रीट टाकायचं तर विशेष काळजी घ्या, ओतताना काँक्रीटचं तापमान 40 च्या खाली ठेवा, असं त्यात म्हटलंय. काँक्रीटला 40 ची मर्यादा लिहून दिलेली आहे, ते ओतणाऱ्याला नाही. मी एका साइटवर हे मोठ्याने म्हटलं तेव्हा सगळे हसले, मग गप्प झाले. पण त्यातून काम झालं: भर दुपारी ओतलेल्या स्लॅबला तडे जातील आणि त्याचं बिल अडकेल, हे कन्सल्टंटने लिहून दिल्यावर स्लॅबचं काम संध्याकाळी सुरू होऊ लागलं. माणसासाठी जे मागून मिळत नाही ते काँक्रीटच्या नावाने मिळत असेल, तर मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे. तुमचे ते दोघे सळईवाले साइटवर कितव्या दिवशी पडले? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो, पहिल्या आठवड्यात. किंवा लग्नाहून परत आल्यावर. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. आणि आठ-दहा दिवस उन्हातून दूर राहिलं की ही सवय ओसरायला लागते. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे लग्नसराई. माणूस गावी जातो, दहा दिवस मांडवाखाली असतो, जागरणं होतात, परत येतो आणि दुसऱ्या सकाळी थेट सळईवर. मुकादमाच्या लेखी तो जुना, पक्का माणूस. शरीराच्या लेखी तो नवा.

चंद्रपूरला माझ्या दुसऱ्याच उन्हाळ्यात असा एक पोरगा पडला. विशीतला, धडधाकट, कामावर तिसरा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास तो भलत्या दिशेने चालायला लागला, हाक मारली तर शिव्या देऊ लागला. मुकादमाला वाटलं, प्यायला आहे. मी पोचलो तर त्याचं अंग घामाने निथळत होतं, आणि मी पुस्तकात वाचलेलं होतं की उष्माघातात कातडी कोरडी पडते. म्हणून मी ठरवलं, उष्माघात नाही, सावलीत बसवू. तिथे वीस मिनिटं गेली. मग त्याला झटके आले. शेडवरच्या काळ्या टाकीचं पाणी अंगावर ओतायला गेलो तर ते हाताला चटका देत होतं. पोरगा वाचला, पण मूत्रपिंडांनी त्याला पुढे कित्येक महिने छळलं. त्या वीस मिनिटांचा हिशेब मी अजून मांडतो. कोरडी कातडी हे म्हाताऱ्या, घरात बसलेल्या माणसाच्या उष्माघाताचं लक्षण. काम करता करता पडणारा बहुतेक वेळा घामाघूमच असतो. ओळखायचं ते डोक्यावरून: बरळतो, उगाच चिडतो, साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही, पाय लटपटतात. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो उष्माघाताचा, मग घाम असो वा नसो.

म्हणून माझ्या साइटवरचा पहिला नियम दिवसांचा आहे, डिग्रीचा नंतर. अगदी नवा माणूस पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाच्या पाचवा हिस्साच करेल, म्हणजे आठ तासांत दीड-दोन तास, आणि रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना पण सुट्टीवरून आलेला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, मग 60 टक्के, मग 80, चौथ्या दिवशी पूर्ण. हे प्रमाण माझ्या डोक्यातलं नाही, अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं, नायॉशचं आहे, आणि आमच्याकडे ते चाललं. बाकीचा वेळ सावलीतलं काम द्यायचं: स्टोअर लावणं, प्लेटांना तेल लावणं, रिंगा वळणं. सावलीतलं काम साइटवर भरपूर असतं, फक्त ते कुणाला द्यायचं हे ओळखीवर ठरतं.

इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि सगळे नियम इथेच मोडतात. तुमचे सळईवाले बहुतेक टनावर, म्हणजे बांधलेल्या सळईच्या वजनावर पैसे घेऊन, काम करत असतील. टनावरच्या माणसाला तुम्ही सावलीत बसवलंत तर त्याच्या खिशातून पैसे गेले. तो बसणार नाही, लपून काम करेल, आणि तुम्हालाच शिव्या देईल. रोजंदारीवाल्याची अर्धी हजेरी लागणार असेल तर तोही थांबणार नाही. मी आधी वर्षानुवर्षं सावल्या बांधल्या, माठ ठेवले, पाट्या लावल्या. सावलीत कुणी बसायचं नाही. एका साइटवर आम्ही एवढंच केलं, की दुपारची विश्रांती आणि पहिल्या पाच दिवसांचं कमी काम पूर्ण हजेरीत धरलं, आणि टनावरच्या गँगला एप्रिल-मेचा वेगळा, थोडा चढा दर दिला. सावली पहिल्याच दिवशी भरली. ठेकेदाराचा खर्च वाढला का? वाढला. पण दर आठवड्याला दोन-तीन माणसं पळून जायची, नवी आणायला मुकादमाला आगाऊ रक्कम द्यावी लागायची, ते थांबलं. त्याने हिशेब मला दाखवला नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात न सांगता तीच पद्धत ठेवली. यावरून काय ते समजा.

वेळांबद्दल तुम्ही 12 ते 4 म्हणालात. 12 ते 3 पेक्षा ते बरं, कारण सूर्य डोक्यावर बाराला असला तरी हवा सगळ्यात जास्त तापते तीन-चारच्या सुमारास. पण दुपारी सुट्टी दिली की माणूस जातो कुठे? पत्र्याच्या खोलीत. ती खोली दुपारी बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. पहाटे चारला उठून भाकरी-भाजी केलेला माणूस दुपारी तिथे झोपू शकत नाही, आणि रात्रीही पत्रा थंड होत नाही. दोन-तीन दिवसांत झोपेचा तुटवडा साचतो, आणि माणूस चौथ्या दिवशी उंचीवरून घसरतो. तो अपघात उन्हाच्या खात्यात कुणी लिहीत नाही. म्हणून हे परिस्थितीवर सोडतो. मजूर साइटवरच राहत असतील आणि त्यांच्या खोल्यांवर ग्रीन नेट, चुना, वाळ्याची ताटी किंवा कूलर होणार असेल, तर दोन तुकड्यांत काम ठेवा: सकाळी 6 ते साडेअकरा, मध्ये अर्धा तास नाश्ता, मग 4 ते 6. कामाचे सात तास झाले. याच्यापेक्षा ताणू नका, कारण बांधकामाच्या जुन्या केंद्रीय नियमांत कामाचा दिवस विश्रांती धरून 12 तासांच्या बाहेर पसरता येत नव्हता, आणि नव्या संहितेत रोजचे 8 तास ठरलेत, पसारा सरकार ठरवणार. मजूर गावाहून गाडीने येत असतील तर दुपारी चार तास त्यांना साइटवर अडकवून ठेवू नका. पहाटे साडेपाच ते दुपारी एक, सलग, मध्ये दोन विश्रांत्या, आणि शेवटचा दीड तास फक्त सावलीतलं काम. मला स्वतःला हेच आवडतं.

कूलरचं म्हटलं म्हणून सांगतो: पाण्याचा कूलर आपल्याकडे कमाल काम करतो, कोकणात निव्वळ पंखा ठरतो. चुन्याचंही तसंच. छताला चुना मारा, छत पाण्याने भिजवा, हे उपाय कारखाने कायद्याच्या कलम 13 मध्ये चक्क लिहिलेले होते. 1948 च्या लोकांना पत्रा कसा तापतो हे ठाऊक होतं.

पाणी. दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान असो नसो. तासाला साधारण पाऊण लिटर, आणि दीड लिटरच्या वर नाही, कारण नुसतं पाणी ढोसल्यानेही रक्तातलं मीठ उतरतं. माणशी दिवसाला 6 लिटर धरा. 60 माणसांना 360 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 18 जार. तुमच्या साइटवर रोज किती येतात ते मोजा. मला बहुतेक ठिकाणी सात-आठ दिसतात, आणि त्यातले दोन ऑफिसात. पाणी काम चालू आहे त्या मजल्यावर हवं. खाली ठेवलंत तर तीन जिने उतरून कुणी जात नाही. ज्यांना पेटके येतात त्यांना ओआरएस, एक पुडी एक लिटरमध्ये. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारं गोड पेय ते नव्हे. ताक, कैरीचं पन्हं उत्तम, पण बनवणाऱ्याचे हात आणि बर्फ कुठला ते बघा. जुलाब झालेला माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात सगळ्यात आधी पडतो.

आणि एक गोष्ट जी मला बायकांनी सांगेपर्यंत कळली नव्हती. रेती-गिट्टी वाहणाऱ्या बाया पाणी कमी का पितात? साइटवर संडास नाही म्हणून. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत त्या लघवी दाबून धरतात, आणि त्यासाठी पाणीच पीत नाहीत. तुम्ही 18 चे 25 जार करा, त्यांच्या पोटात जाणार नाही. दाराला आतून कडी आणि आत पाणी असलेले दोन संडास कामाच्या जवळ करा. उष्माघाताच्या बैठकीत मी संडासाचा खर्च मागितला तेव्हा मॅनेजरने कपाळाला हात लावला होता. मंजूर मात्र केला.

कुणी पडलाच तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवलं नसेल तर त्या क्षणी सगळे त्याच्याभोवती घोळका करून कांदा शोधत बसतात. आधी थंड करायचं, मग हलवायचं. 108 ला फोन एकाने लावायचा, बाकीच्यांनी हे: बूट-शर्ट काढा, ताडपत्रीवर झोपवा, चौघांनी चार कोपरे उचलून तिची झोळी करा, त्यात बर्फाचं पाणी ओता आणि हलवत राहा. डोकं पाण्याच्या वर. अर्ध्या तासाच्या आत ताप 39 च्या खाली आला पाहिजे, आणि रुग्णवाहिकेला यायला तेवढा वेळ लागतोच. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्या औषधाने उतरत नाही. यासाठी झाकणाचा एक ड्रम सावलीत, एक ताडपत्री आणि रोज दोन लाद्या बर्फ, एवढंच लागतं. लाद्या लागल्या नाहीत तर संध्याकाळी माठांत जातात.

आणि तो सलाईन लावलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला होता का? आला असेल तर उद्यापासून आठवडाभर त्याला सावलीत ठेवा. सलाईन लावलं म्हणजे बरा झाला, असं आपल्याकडे मानतात. एकदा ऊन लागलेल्याला पुन्हा लागायला वेळ लागत नाही.

राहिला प्रश्न, थांब म्हणायचं कुणी. माझं मत ठाम आहे: ज्याचा पगार कामाच्या मापावर अवलंबून आहे त्याच्याकडे हा अधिकार ठेवू नये. म्हणजे मुकादम नाही, ठेकेदार नाही. तुम्ही, किंवा मुख्य मालकाचा इंजिनिअर. आणि निर्णय सकाळीच झालेला असावा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्ह्याचा इशारा रोज मिळतो. मैदानी भागात पारा किमान 40 आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट 45, की उष्णतेची लाट धरतात. आमचा तक्ता सोपा होता: पिवळा इशारा असेल तर 12 ते 4 स्लॅबवर कुणी नाही, नारिंगी असेल तर सकाळचं एकच सत्र, लाल असेल तर उन्हातलं काम बंद, हजेरी चालू. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मी इशाऱ्याची वाटही बघत नाही, नारिंगी धरूनच चालतो. दुपारी दोनला स्लॅबवर उभं राहून "आज थांबायचं का" असा वाद घातला की हरणारा नेहमी सुपरवायझरच असतो.

आता कागद. मुख्य मालकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला ईमेल, ठेकेदाराला प्रत. कलमांचा धाक पहिल्या वाक्यात नको. आधी घटना: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक कामावर दोन कामगार उन्हाने पडले, एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. मग मागण्या, प्रत्येक मोजता येईल अशी: पाणी 360 लिटर कामाच्या मजल्यावर, सावली एका वेळी 20 माणसं बसतील एवढी, दोन संडास, इशाऱ्याप्रमाणे वेळा, विश्रांती हजेरीत धरलेली, नव्या आणि परतलेल्या माणसांसाठी पाच दिवसांचा तक्ता, बर्फ आणि ड्रम. शेवटी एक ओळ: संहितेच्या कलम 23 आणि 53 नुसार या सोयी मुख्य मालकाने द्यायच्या आहेत, कृपया लेखी कळवावे. "कळवावे" महत्त्वाचं. उत्तर आलं नाही तरी तारीख राहते, आणि पुढे काही झालं तर सगळ्यात आधी तीच विचारली जाते. यामुळे तुमच्यावर राग निघू शकतो, हे लपवत नाही. माझ्यावर एकदा निघाला होता. म्हणून ईमेल तक्रारीच्या सुरात न लिहिता स्लॅबच्या वेळापत्रकासोबत जोडा, मानक 7861 चा उल्लेख करून. कन्सल्टंटला प्रत गेली की काम निम्मं होतं.

उत्तर येईपर्यंत दोन गोष्टी तुमच्या एकट्याच्या हातात आहेत. हजेरीच्या वहीत नावासमोर एक रकाना वाढवा: साइटवर कितवा दिवस. सुट्टीवरून आलेल्याचा पुन्हा एकपासून मोजा. आणि बर्फाचं रात्रीच फोन करून सांगून ठेवा. मे महिन्यात सकाळी आठनंतर बर्फाच्या कारखान्यावर रसवंतीवाल्यांची रांग असते, आणि लादी मिळत नाही.